शपथेवर टाकायचं नाव

इंग्रजीत एक शब्द आहे, ॲब्ज्युअर. पुढे सव्वीस वर्षं मी मुलींना इंग्रजी शिकवलं, पण हा शब्द फळ्यावर लिहायची वेळ क्वचितच आली. रोजच्या बोलण्यातला तो नाहीच. इतिहासाच्या जुन्या पुस्तकांत असतो, एखाद्या अग्रलेखात असतो, आणि जिथे कुणीच काही वाचत नाही अशा कोर्टाच्या कागदांत तर ठाण मांडून बसलेला असतो. मला तो तिथेच भेटला. कलकत्त्याच्या एका कोर्टाच्या आवारात, ताडपत्रीखाली बसलेल्या टाइपिस्टाच्या यंत्रातून निघालेल्या ताज्या कागदावर, शेवटच्या परिच्छेदात. सत्तर साल उलटून दोन-चार वर्षं झाली असतील.

तेव्हा माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती. हे केंद्र सरकारच्या एका खात्यात अधिकारी. बदली होऊन आम्ही कलकत्त्याच्या बेहाला भागात दोन खोल्या घेऊन राहत होतो, मी, हे आणि सासूबाई. हे महिन्यातले पंधरा दिवस दौऱ्यावर असत. उरलेल्या घरात आम्ही दोघी. आमची भांडणं नव्हती, पण बोलणं तरी कुठे होतं? त्या मोजकं बोलत आणि मी मनातल्या मनात फार बोलत असे. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली बाई दुपारच्या दुपार डाळ निवडत बसते याचा मला राग येई. राग मला तसा लवकरच येतो. आता वय झालं म्हणून कमी येतो असं मुलं म्हणतात, पण ती मला घाबरून म्हणत असावीत.

अशात ट्रामने चार थांब्यांवरच्या मुलींच्या एका शाळेत इंग्रजीच्या बाईंची जागा निघाली. मी अर्ज केला. मुलाखत झाली, चांगली झाली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "शनिवारी दुपारपर्यंत तुमचे कागद पुरे करून द्या. नाहीतर दुसरी एक उमेदवार तयार आहे." मी हवेत तरंगतच त्यांच्या खोलीतून निघाले ती शाळेच्या हेडक्लार्कपुढे जाऊन थडकले. त्यांना सगळे बडोबाबू म्हणत. रोज सियालदह स्टेशनला उतरून तिथून दोन बस बदलून येणारे, काटकुळे, जाड चष्म्याचे गृहस्थ. बोलायला अतिशय गोड आणि कागदाच्या बाबतीत अतिशय कठोर.

त्यांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र आणि माझा अर्ज शेजारी शेजारी ठेवले.

"या दोघी कोण?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"मीच," मी म्हणाले.

"दोघीही?"

मी समजावून सांगायला लागले. आमच्याकडे आधी आपलं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. लग्न झालं की वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं आणि आडनाव सासरचं. बडोबाबूंनी पेन्सिलीचं टोक प्रमाणपत्रावरच्या मधल्या नावावर ठेवलं. "म्हणजे हे गृहस्थ तुमचे वडील." मग अर्जावर. "आणि हे मिस्टर. एकाला उठवून दुसऱ्याला बसवलं. आमच्याकडे मुलीच्या नावात पुरुष बसवतच नाहीत, पण ते असो, समजलं. आता पहिलं नाव सांगा. तेही वेगळं कसं?"

"सासरी बदललं."

"कुणी?"

"पद्धत आहे. लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो."

"आणि ती वाचते?"

"वाचते."

"आणि काही म्हणत नाही?"

"तेव्हा पेढे वाटत असतात," मी म्हणाले.

बडोबाबू हसले नाहीत. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं, आणि त्यामुळे माझाच चेहरा उतरला. कारण तेव्हा मलाही वाईट वाटलं होतं. फार वाटलं होतं, आणि हे कुणाला सांगायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. माझं नाव वडिलांनी ठेवलेलं. लग्नाच्या आदल्याच वर्षी ते गेले. पदवीच्या कागदावर आम्ही दोघं शेजारी शेजारी छापलेलो होतो, तेवढा एकच कागद त्यांनी आणि मी मिळून मिळवलेला. लग्नात सासूबाईंनी सांगितलं की पत्रिकेला जुळणारं अक्षर वेगळं आहे, गुरुजींनीही मान डोलावली, आणि चार अक्षरी मी तीन अक्षरी झाले. पहिले कित्येक महिने कुणी नव्या नावाने हाक मारली की मी बघत राही, कुणाला बोलावताहेत म्हणून.

बडोबाबूंचं म्हणणं असं की दोन्ही कागदांत फक्त जन्मतारीख जुळते, आणि एकाच दिवशी जन्मलेल्या बायका या शहरात पुष्कळ असतील. तेव्हा दंडाधिकाऱ्यांपुढे शपथेवर ॲफिडेव्हिट करून आणा. साधी गोष्ट आहे, सगळे करतात.

मंगळवारी यांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि आम्ही कोर्टात गेलो. तिथे वकिलांचे कारकून असतात, त्यांना मुहुरी म्हणतात. आम्हाला भेटलेला मुहुरी म्हातारा होता. पान खाऊन ओठ लालभडक, बगलेत छत्री. त्याने आमची हकीकत निम्मीच ऐकली. "मा, काही काळजी नको," तो मला म्हणाला, "नाव बदलायचं ना, माझ्या तोंडपाठ आहे." आणि त्याने टाइपिस्टाला न थांबता, न अडखळता, एखादं स्तोत्र म्हणावं तसं इंग्रजी सांगायला सुरुवात केली. पाच मिनिटांत कागद तयार. यांनी वरवर नजर टाकली आणि पेन माझ्या हातात दिलं. "कर सही. साहेबांपुढे जाऊन येऊ. मला दोनच्या आत ऑफिसात पोचायचंय."

मी वाचायला लागले. वाचल्याशिवाय सही करायची नाही हे वडिलांनी शिकवलेलं नव्हतं, तो माझा स्वतःचाच हट्टीपणा. सुरुवातीचं सगळं ठीक होतं. शेवटी लिहिलं होतं की मी माझ्या पूर्वीच्या नावाचा त्याग करते, ते सोडून देते आणि कायमचं ॲब्ज्युअर करते, आणि हे सर्व मी शपथेवर सांगते. पहिल्या दोन शब्दांवरून मी पुढे सरकले, कारण कोर्टात एका शब्दाचं काम तीन शब्दांकडून करून घेतात हे मला ऐकून ठाऊक होतं. तिसऱ्यापाशी पेन अडलं. अर्थ साधारण माहीत होता, पण साधारण माहीत असलेल्या अर्थाखाली सही करायला मन होईना.

"मी हा घरी नेते," मी म्हणाले.

मुहुरीने यांच्याकडे पाहिलं. यांनी आकाशाकडे पाहिलं.

घरी आल्यावर मी कॉलेजातली डिक्शनरी काढली. शब्दाच्या पोटातच शपथ आहे. एखादी गोष्ट शपथ घेऊन स्वतःपासून दूर करणं, पुन्हा तिच्याकडे न वळण्याच्या बोलीवर. पूर्वी कुणी धर्म सोडला, राजाशी असलेली निष्ठा सोडली, देशातून कायमचं निघून जायचं कबूल केलं, की हा शब्द वापरत. पुढे दारू सोडणाऱ्यालाही तो लावायला लागले. एक गोष्ट माझ्या लक्षात आली की या शब्दाने जे टाकतात ते बहुतेक वेळा काहीतरी चुकीचं, निदान टाकणाऱ्याला चुकीचं म्हणावं लागलेलं असतं. आपल्याकडे एखाद्या वस्तूवर तुळशीपत्र ठेवतात, किंवा तिच्यावर पाणी सोडतात. त्यात दान असतं, निदान मोकळं होणं असतं. ॲब्ज्युअरमध्ये तसं काही नाही. त्यात कुणीतरी समोर बसून ते तुमच्याकडून वदवून घेत असतं.

आणि मी काय चुकीचं केलं होतं? बारशाला मिळालेलं नाव एकवीस वर्षं वापरलं होतं.

संध्याकाळी यांच्याशी वाद झाला. वाद म्हणजे मी बोलत होते आणि हे दौऱ्याची बॅग भरत होते.

"अगं, तो नुसता फॉर्म आहे," हे म्हणाले. "इंग्रजांच्या वेळेपासून तसाच चालत आलाय. तो वाचतं कोण?"

"मी वाचला."

"नोकरी हवीय ना तुला?"

"हवीय."

"मग? नाव तर तू चार वर्षांपूर्वीच सोडलंस. आता लिहून द्यायला काय हरकत आहे?"

"मी सोडलं नाही. तुम्ही तांदळात लिहिलंत."

हे बॅगेचा पट्टा आवळत राहिले. वाईट माणूस नव्हे, आजही माझ्या बोलण्याला खाली मान घालूनच उत्तर देतात, पण त्या दिवशी त्यांना मी काय म्हणते ते कळतच नव्हतं. त्यांना जन्मापासून एकच नाव होतं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दाराशी बसून ऐकत होत्या. नाव बदलायचं काढलं ते त्यांनीच, तेव्हा त्यांच्या कानावर हे सगळं पडतंय याचा मला थोडा आनंदही होत होता. बुधवारी सकाळी हे हावड्याला गाडी पकडायला गेले, ते सोमवारी परतणार होते.

गुरुवारी मी एकटीच कोर्टात गेले. मुहुरीला म्हटलं, हा शब्द काढा. त्याने पान गालात सरकवलं आणि माझी समजूत घातली की मा, साहेबांना हा शब्द बघायची सवय आहे. तो नसला तर ते विचारतील की का नाही, आणि एकदा विचारायला लागले की शनिवार उलटून जाईल. मी म्हटलं, मग तुम्ही काढू नका, मीच सांगते. तो मला साहेबांच्या खोलीत घेऊन गेला खरा, पण माझ्यापासून दोन हात लांब उभा राहिला.

दंडाधिकारी पन्नाशीचे असतील. डोक्यावर पंखा करकरत होता, समोर कागदांचा ढीग. ते प्रत्येकाला मान वर न करता एकच प्रश्न विचारत, वाचलं? समजलं? समोरचा हो म्हणे आणि सही होई.

माझी पाळी आली. "वाचलं?"

"वाचलं," मी इंग्रजीत म्हणाले. "एक शब्द खरा नाही."

त्यांनी मान वर केली. मी शब्दावर बोट ठेवलं.

"याचा अर्थ माहीत आहे तुम्हाला?"

"शपथ घेऊन कायमचं टाकणं. मी हे नाव टाकलेलं नाही. माझी पदवी या नावाची आहे. नाव टाकलं असं शपथेवर सांगितलं तर पदवीही टाकली असं होईल, आणि मग हा कागद मी कशासाठी करते आहे?"

खोलीत आणखी चार-पाच माणसं होती. ती सगळी माझ्याकडे बघायला लागली आणि मला कानापर्यंत गरम वाटायला लागलं. साहेबांनी कागद हातात घेऊन तो परिच्छेद पहिल्यांदाच वाचावा तसा वाचला. मग खुर्चीत मागे टेकले.

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण एक अडचण आहे. माणूस स्वतःचं नाव टाकतो म्हणाला तर त्याचा एकट्याचा शब्द पुरतो. तुम्ही म्हणताय की दोन्ही नावं एकाच बाईची आहेत. मग ज्याने तुम्हाला दोन्ही नावांनी ओळखलंय असं कुणीतरी माझ्यासमोर येऊन तसं सांगायला हवं. मिस्टर येतील?"

"ते सोमवारी येतील."

"दुसरं कुणी?"

मी विचार करायला लागले. माझं माहेर हजार-बाराशे मैलांवर. कलकत्त्यातली मराठी घरं, हळदीकुंकवाच्या बायका, सगळ्यांना मी नव्या नावाचीच ठाऊक. या एवढ्या मोठ्या शहरात माझं जुनं नाव माहीत असलेली एकच व्यक्ती उरत होती, आणि ते नाव पुसलं होतं तिनेच.

"सासूबाई आहेत," मी म्हणाले.

"उद्या घेऊन या."

ट्रामने घरी येताना माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सासूबाई शपथेचं नाव काढू देत नसत. कलकत्त्याला येण्याआधीच्या घरी लहान मुलं जिन्यात खेळताना गळ्याला चिमटा लावून गळ्याशप्पथ, आईशप्पथ म्हणत, तर त्या वरून ओरडत, सोडव आधी, सुटली म्हण. शपथ खरी असली तरी ती कुणाच्या तरी जिवावर घेतलेली असते, असं त्यांचं म्हणणं. आणि मी त्यांना सांगणार होते की परक्या माणसासमोर जाऊन शपथ घ्या, तीही मला त्रास झालेल्या गोष्टीबद्दल, जी तुम्ही केलीत.

त्या मटार सोलत बसल्या होत्या. मी समोर बसून सोलायला लागले आणि सगळं सांगितलं. नोकरी, शनिवार, शब्द, साहेब. शब्दाचा अर्थही सांगितला. त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते एवढंच, "कुणाच्या गळ्याची घ्यायची?"

"कुणाच्याच नाही. खरं सांगीन एवढंच म्हणायचं."

"देवाची?"

"हवी तर देवाची. नको असेल तर नुसतं गांभीर्याने सांगते असं म्हटलं तरी चालतं."

त्यांनी पुढची शेंग हातात घेतली. "मी आयुष्यात शपथ घेतलेली नाही," त्या म्हणाल्या. "खरीसुद्धा नाही."

मी म्हटलं, "राहू दे, आई." आणि खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं, नोकरी गेल्याचं. नाव वगैरे त्या क्षणी कुठच्या कुठे गेलं होतं. उद्या सकाळी जाऊन मुकाट्याने तो शब्द ठेवून सही करायची असं मी त्या मटारांपाशी ठरवून टाकलं होतं. इतकं सगळं तत्त्वाचं बोलून शेवटी माझी हीच मजल.

शुक्रवारी सकाळी मी तयार होऊन बाहेर आले तर सासूबाई दाराशी उभ्या. नऊवारी नेसलेल्या, खांद्यावरून पदर घट्ट, हातात छत्री. चहासुद्धा घेतला नव्हता. "शपथ उपाशीपोटी घ्यायची," त्या म्हणाल्या, जणू हे काम त्या रोज करत होत्या. मी दाराला कुलूप घातलं. त्यावर काही बोलले असते तर त्या कदाचित परत फिरल्या असत्या.

साहेबांच्या खोलीत त्यांना खुर्ची दिली. त्या टोकावर बसल्या. साहेबांना मराठी येत नव्हतं आणि सासूबाईंना मराठीशिवाय काही येत नव्हतं, तेव्हा दुभाषाचं काम माझ्याकडे आलं. ते नियमात बसत होतं की नाही कोण जाणे. साहेब म्हणाले, चालेल. त्यांनी विचारलं, देवाच्या नावाने की नुसतं गांभीर्याने? सासूबाई म्हणाल्या, "देवाला कागदाच्या कामात आणायचं नाही. पण सगळं खरं सांगायचं असतं ना? मग सांगते." मी ते इंग्रजीत म्हटलं.

"ही कोण?"

"माझी सून."

"लग्नाआधी हिचं नाव काय होतं?"

सासूबाईंनी माझं जुनं नाव घेतलं. मागे माझ्या वडिलांचं नाव, त्याच्याआधी कैलासवासी, आणि मग आडनाव. गेल्या चार वर्षांत त्यांच्या तोंडून ते मी एकदाही ऐकलं नव्हतं. त्यांनी ते अगदी हळू आणि स्वच्छ उच्चारलं. कैलासवासी हा नावाचाच भाग समजून साहेबांच्या कारकुनाने लिहून घेतलं, ते मग मला खोडायला लावावं लागलं.

"आणि ही तीच बाई?"

"तीच."

काम इथेच संपत होतं. साहेबांनी पेन उचललं आणि जाता जाता विचारावं तसं विचारलं, "रीतीप्रमाणे नाव बदललं, असंच ना?"

मी भाषांतर केलं. सासूबाईंनी हो म्हणायचं होतं. त्या खोलीत त्या आठवड्यात आलेल्या शंभर माणसांनी हो म्हटलं असतं.

"रीत होती," त्या म्हणाल्या, "पण रीतीसाठी नाही बदललं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, साहेबांकडे बघत होत्या, आणि ज्याला आपली भाषा येत नाही त्याच्याशी बोलावं तसं सावकाश, मोठ्याने बोलत होत्या.

"मला मुलगी होती. हिच्या नवऱ्याच्या आधीची. तिचं नाव हेच. सहा वर्षांची होऊन विषमज्वराने गेली. सून त्याच नावाची आली. दिवसातून वीस वेळा मला ती हाक मारावी लागली असती, आणि ओ दुसरीने दिली असती. माझ्याच्याने ते झालं नसतं. पत्रिकेच्या अक्षराचं मीच सांगितलं, गुरुजींना मान डोलवायला लावली. ते खोटं होतं. हिने नाव टाकलेलं नाही. मी काढून घेतलं. तसं लिहा म्हणावं त्यांना."

यांना एक बहीण होती आणि ती लहानपणी गेली एवढं मला माहीत होतं. घरात तिचं नाव कुणी घेत नसे, म्हणून ते काय होतं हे मी कधी विचारलं नाही; यांना तरी ते ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. चार वर्षं मी या बाईवर मनातून रागावले होते, रोज थोडी थोडी, आणि माझा राग कळत असूनही त्यांनी मला खरं कारण एकदाही सांगितलं नव्हतं. मला लाज वाटली. फार वाटली.

साहेब वाट बघत होते. "काय म्हणाल्या?"

मी इंग्रजीची बाई होऊ बघत होते, आणि मला एक वाक्य जुळवता येईना. शेवटी मी म्हणाले, "यांना त्या नावाची एक मुलगी होती." एवढंच.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. सासूबाईंकडे बघून त्यांनी हात जोडले, आणि सासूबाईंनीही जोडले. मग साहेबांनी तो सबंध शेवटचा परिच्छेद खोडला, समासात आपली आद्याक्षरं घातली आणि वर हाताने लिहिलं की वरील दोन्ही नावांची बाई एकच आहे. मुलीबद्दल काही लिहिलं नाही. सासूबाईंनी खाली बाळबोध अक्षरात सही केली. एकेक अक्षर काढायला त्यांना वेळ लागला, पण कुणी घाई केली नाही.

फाटकाबाहेर मी त्यांना शहाळं घेऊन दिलं. त्यांनी ते उभ्यानेच, सगळं प्यायलं.

"त्यांनी ते लिहिलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. कागदाला त्याची गरज नव्हती."

"असू दे. सांगून झालं." मग पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "तुला हवं असेल तर मी त्या नावाने हाक मारत जाईन. आता एकदा तोंडातून निघालंय."

मी शहाळंवाल्याला पैसे देत राहिले. ट्राममध्ये खिडकीशी बसून त्या मैदानातल्या बकऱ्या बघत होत्या.

शनिवारी अकरा वाजता मी बडोबाबूंच्या टेबलावर कागद ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, खोडलेल्या परिच्छेदावरून बोट फिरवलं आणि खूश झाले. "असा कागद मी पहिल्यांदाच बघतोय," ते म्हणाले. "आता दोन्ही नावं कायद्याने तुमची. शिक्षकांच्या हजेरीपटावर कोणतं घालू? तुम्ही म्हणाल ते."

जुनं सांगायचं हे माझं केव्हाच ठरलेलं होतं. मधे वडिलांचं नाव, रोज सकाळी त्याच्यापुढे माझी सही. चार वर्षं मला हेच हवं होतं.

मी तांदळातलं नाव सांगितलं. बडोबाबूंना वाटलं मी चुकले, त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी लिहिलं, टीपकागद दाबला. दुसरं नाव मी त्या सहा वर्षांच्या मुलीकडेच राहू दिलं, आणि त्यासाठी मला कुणी शपथ घातली नव्हती.